शाळेतल्या शिक्षकांनी ऑनलाईन साधनं शिकायची कशी? पुण्यातल्या शिक्षकांचे अनुभव हवेत

गणिताच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवते. यंदा जूनमध्ये मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एक काम दिलं, की तुम्हाला कॉम्प्युटरचं बरं येतं तर बाकीच्या स्टाफला ऑनलाईनचं जरा शिकवा. आम्ही एकूण चौदा जण, वयं २८ पासून ५७ पर्यंत. एमएस-सीआयटी सगळ्यांचं झालंय, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी मोबाईलवर तास घेतलेत, म्हणजे कोरी पाटी कुणाचीच नाही. पण शाळा परत भरायला लागली तसं ते सगळं तिथेच राहिलं, आणि आता तीन वर्गांत प्रोजेक्टर आहेत ते बहुतेक वेळा स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ दाखवायलाच लागतात.

मी पहिल्या शनिवारी मोठ्या उत्साहानं पीपीटी केली. एका तासात नऊ साधनं. गुगल फॉर्म, क्लासरूम, जिओजेब्रा, काहूट, दीक्षा अ‍ॅप, अजून काय काय. सगळ्यांनी माना डोलावल्या, छान झालं म्हणाले, चहा झाला आणि सोमवारी एकानंही त्यातलं काही वापरलं नाही. मंगळवारी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मला वाटलं लोकांना नकोच आहे. मग एक दिवस मस्टरवर सही करताना आमच्या मराठीच्या मोठ्या बाई एकट्याच होत्या तेव्हा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, तू इतकं भराभर केलंस, मला पहिलं बटण कुठलं तेच कळलं नाही. आणि सगळ्यांसमोर परत विचारायचं म्हणजे... तीस वर्षं वर्गात उभी राहतेय मी, मला अडखळताना कुणी पाहिलेलं नाही."

हे ऐकल्यावर मला माझी चूक समजली. आपण मुलांना रोज सांगतो की चुकलं तरी चालेल, हात वर कर, पण शिक्षकाला चुकायला आपण जागाच ठेवत नाही. त्याला सगळं आलंच पाहिजे असं धरून चालतो.

मग पद्धत बदलली. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटल्यावर पाऊण तास बसतो. एका वेळी चारच जण. प्रत्येकानं सोमवारचं टाचण घेऊन यायचं, म्हणजे जो धडा शिकवायचाच आहे तोच, आणि त्यातल्या एकाच गोष्टीसाठी एकच साधन. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहणार. मी त्याला हात लावणार नाही, मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. हे सांगायला सोपं आहे पण फार अवघड जातं, कारण समोरचा चुकीच्या ठिकाणी बोट नेतोय हे दिसत असतं आणि आपले हात शिवशिवतात. पण एकदा मी फोन हातात घेतला की ते शिकणं माझं होतं, त्यांचं राहत नाही.

एक उदाहरण देते म्हणजे नुसतं बोलणं नको. सहावीला दशांश अपूर्णांक. वर्गात ६२ मुलं. प्लिकर्स नावाचं साधन आहे, त्यात मुलांकडे फोन लागत नाही, प्रत्येकाला कागदावर छापलेलं एक चौकोनी नक्षीचं कार्ड द्यायचं, कार्डाच्या चार बाजूंना ए बी सी डी बारीक अक्षरात असतात. उत्तर जे असेल ती बाजू वर करून कार्ड धरायचं, आणि बाईंनी आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कुणाचं उत्तर काय ते लगेच कळतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. मी विचारलं, ०.५ मोठा की ०.३५? कॅमेरा फिरवला तर निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर ०.३५. हात वर करायला सांगितलं असतं तर नेहमीच्या आठ-दहा हुशार मुलांनी बरोबर उत्तर दिलं असतं आणि मी पुढे गेले असते. इतकी वर्षं बहुधा गेलेच असेन.

का चुकलं ते विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, पॉइंट पाच आणि पॉइंट पस्तीस, पस्तीस मोठा ना." म्हणजे घोळ वाचण्यात होता! पॉइंट तीन पाच असं वाचलं असतं तर गोंधळ कमी झाला असता. मग रुपयावर आणलं, अर्धा रुपया म्हणजे पन्नास पैसे आणि पॉइंट तीन पाच म्हणजे पस्तीस पैसे, त्यानंतर जिओजेब्रा या गणिताच्या अ‍ॅपमध्ये संख्यारेषा मोठी मोठी करत ०.३ आणि ०.४ च्या मधली घरं दाखवली. पुन्हा कार्डं वर. या वेळी चौघंच चुकली, त्या चौघांना मधल्या सुट्टीत बसवलं. साधनाचा उपयोग मला एवढाच वाटतो, की जे मला दिसत नव्हतं ते दिसलं. शिकवलं मीच.

तर माझे प्रश्न असे. तुमच्या शाळेत हे कोण शिकवतं? कसं शिकवतं? आणि जे शिक्षक अजिबात येत नाहीत त्यांचं काय करता? माझ्याकडे असे दोघं आहेत आणि दोघंही उत्तम शिक्षक आहेत.

खडूफळा

वाचनखूण साठवली. पाठीमागे हात बांधायचं अगदी पटलं, माझ्या मुलानं मला फोन शिकवताना कायम हिसकावून घेतला आणि मी आजही ती गोष्ट त्याच्याकडूनच करून घेतो.

तोरण्याच्या_पायथ्याशी

ताई, छान लिहिलंय. मी वेल्ह्याकडे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, राहायला धायरीत. आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या बांधावर येते, वर्गात नाही, आणि पावसाळ्यात तर बांधावरही नाही. त्यामुळे ऑनलाईन साधनं म्हटलं की आमचे लोक सुरुवातीलाच म्हणतात हे आपल्यासाठी नाही. मीही दोन वर्षं तसंच म्हणत होतो.

पण बरंच काही नेटशिवाय चालतं हे कुणी सांगतच नाही. फेट सिम्युलेशन्स आहेत, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेला प्रकल्प, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्यातली बरीचशी मराठीत आहेत आणि फुकट आहेत, आणि एकेक फाईल डाऊनलोड करून पेनड्राईव्हवर घेतली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये बिननेटची चालते. मी घरी रात्री उतरवून घेतो, सकाळी गाडीवरून घेऊन जातो. विद्युत मंडलाचं आहे त्यात मुलं वायर ओढून सेल जोडतात, बल्ब लावतात, आणि नुसत्या वायरनं दोन्ही टोकं जोडली तर चक्क आग लागलेली दिसते. एका पोरानं ती पाच वेळा लावून बघितली. खऱ्या सेलवर हे मी करू दिलं नसतं. पण त्यानंतर खरा सेल, खरी वायर आणि टॉर्चचा बल्ब घेऊन बसवलंच, कारण स्क्रीनवरची वायर कधी सैल होत नाही आणि खरी होते, आणि सैल वायर शोधणं हाच अर्धा धडा आहे.

किविक्स म्हणून एक अ‍ॅप आहे, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये ई-बालभारतीच्या साईटवर फुकट मिळतात, 'किशोर'चे जुने अंकही आहेत, ते एकदा भरून ठेवले की वर्षभर पुरतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओही दीक्षा अ‍ॅपमध्ये आधी उतरवून ठेवता येतात. या सगळ्याला मी भरलेला डबा म्हणतो. घरून भरून न्यायचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना मी शिकवत नाही, मी फक्त पेनड्राईव्ह फिरवतो. महिन्याच्या शिक्षण परिषदेला ज्याला पाहिजे तो कॉपी करून घेतो. आधी दोघं घ्यायचे, आता अकरा घेतात.

हडपसरची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे, लिहिलं तर चालेल ना. दोन मुलं, सातवी आणि चौथी. घरात चांगला फोन एकच आणि तो मिस्टरांकडे, ते टेम्पो चालवतात, रात्री साडेआठ-नऊला येतात. शाळेच्या ग्रुपवर संध्याकाळी पाचला लिंक येते की हा व्हिडिओ बघून उद्या उत्तरं लिहून आणा. नऊला फोन येतो तेव्हा धाकटी झोपलेली असते आणि मोठा त्यावर बसतो तो अकरापर्यंत, आणि मग त्यातला किती वेळ व्हिडिओ आणि किती वेळ दुसरं ते मला कळत नाही कारण मी स्वयंपाकघर आवरत असते. मी एकदा वर्गशिक्षिकांना सांगितलं तर त्या म्हणाल्या सगळ्यांकडे फोन असतो हो आजकाल. असतो. पण कुणाच्या खिशात असतो ते पण बघा ना.

गणिताच्या बाई, तुमचं ते कार्डाचं वाचलं आणि फार बरं वाटलं. माझ्या मुलाला त्यात काही कमी पडलं नसतं.

गणिताच्या_बाई

@हडपसरची_आई, ताई, जरूर लिहा, हे आम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं. तुमचा प्रतिसाद मी येत्या शनिवारी स्टाफमध्ये वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. घरचा फोन गृहीत धरायचा नाही हा नियम मी आजपासून आमच्या यादीत घातला. व्हिडिओ दाखवायचा तर वर्गात, प्रोजेक्टरवर, सगळ्यांना एकदम.

@तोरण्याच्या_पायथ्याशी, भरलेला डबा हा शब्द मी उचलतेय सर.

जुना_मास्तर

मी २०११ साली निवृत्त झालो, आता वय ७२. पेठेतल्या एका शाळेत ३४ वर्षं विज्ञान शिकवलं. हा धागा वाचून जुनी गोष्ट आठवली ती सांगतो.

१९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार व्हायचे आणि दूरदर्शनवर दाखवले जायचे. आमच्या शाळेला टीव्ही मिळाला. मोठा, लाकडी शटरचा. मुख्याध्यापकांनी त्याच्यासाठी कपाट करून घेतलं, कपाटाला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. तो खराब झाला तर जबाबदार कोण, हा पहिला प्रश्न. त्यामुळे टीव्ही लावायचा म्हणजे अर्ज करायचा, शिपायाला बरोबर घ्यायचं, वर्ग खाली आणायचा, तोपर्यंत कार्यक्रम संपलेला असायचा. पाच वर्षांनी तो टीव्ही अगदी नवा होता. मला त्या नव्या टीव्हीचं आजही वाईट वाटतं.

परवा नातवाच्या शाळेत गेलो होतो तर स्मार्ट बोर्डवर कापड घातलेलं, त्याला खाली दोऱ्या बांधलेल्या. मला तेच कुलूप दिसलं. शिक्षकाला भीती बोटाची नसते, जबाबदारीची असते. मोडलं तर पगारातून जाईल, हे त्याच्या मनात असतं. तेव्हा बाई, तुमच्या मुख्याध्यापकांकडून एवढं एक सगळ्यांसमोर वदवून घ्या, की वापरताना बिघडलं तर कुणाला विचारणार नाही, न वापरता पडून राहिलं तर विचारेन. तुमच्या पाऊण तासापेक्षा याचा गुण जास्त येईल.

आणि आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालायला लागले तेव्हा त्यांच्याकडेही काही मोठी प्रयोगशाळा नव्हती. २०२० साली ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. त्या वाटून टाकण्यातच मला खरा शिक्षक दिसतो.

इतिहास_भूगोल

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. मी तुमच्या त्या 'दोघां'पैकी एक आहे असं समजा, म्हणजे दुसऱ्या शाळेतला. मला टेक्नॉलॉजी येत नाही असं अजिबात नाही. आज सकाळपासून मी काय केलं सांगतो. हजेरी ऑनलाईन भरली, पोषण आहाराची माहिती भरली, विद्यार्थ्यांची आधारची माहिती जुळत नाही ती तीन जणांची दुरुस्ती केली, एक लिंक आली होती ती आजच भरायची होती, भरली, मग एका कार्यक्रमाचे फोटो अपलोड केले. माझ्या सहावीच्या नकाशावाचनाचा तास बदली तासाला गेला. वर्गात मुलं बसलेली आणि मी मोबाईल घेऊन व्हरांड्यात, कारण तिथे रेंज येते. मुलांनी मला मोबाईलमध्ये डोकं घातलेलंच बघायचं का? जे थोडे तास माझ्या हातात उरतात त्यात मला खडू, नकाशा आणि मुलांचे चेहरे पाहिजेत. तिथे अजून एक स्क्रीन आणायची माझी इच्छा नाही, आणि ती इच्छा नसणं म्हणजे मागासपणा असं कुणी म्हटलं की मला फार लागतं.

प्रशिक्षणांचंही तेच. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे करावेत असं आहे, चांगलंच आहे. पण मी एका हॉलमध्ये दीडशे जणांबरोबर बसून 'वर्गात मोबाईलचा वापर' हे तीन तासांचं भाषण ऐकलंय, आणि भाषणाआधी सूचना होती की सर्वांनी मोबाईल बंद ठेवावेत.

कोथरूडकर_आयटी

@इतिहास_भूगोल सर, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. माहिती भरणं आणि शिकवणं या दोन गोष्टी एकाच फोनमध्ये कोंबल्यात त्यामुळे शिकवण्याचं साधनही ओझं वाटायला लागलंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, महिन्यातून दोन शनिवार एका शाळेत मदतीला जातो. मी तिथे जे पाहिलं त्यात शिक्षक अडतात ते मोठ्या गोष्टींवर नाही, अगदी दाराशी अडतात. उदाहरणार्थ प्रोजेक्टर लावला, केबल लावली, पडद्यावर काही नाही. पाच मिनिटं गेली, वर्ग गोंगाट करायला लागला, बाईंनी घाम पुसला आणि परत कधी त्या वाटेला गेल्या नाहीत. विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबायचं आणि डुप्लिकेट निवडायचं, एवढंच असतं बहुतेक वेळा. मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रोजेक्टरखाली चिकटवलं. नवीन लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक नसतं, टाईप-सी असतं, त्याचा जोड शाळेत एक घेऊन ठेवायचा आणि तो कुणी घरी न्यायचा नाही. आणि गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाऊ शकते तर गुरुवारचा तास त्यावर ठेवायचाच नाही.

दुसरं, एका बाईंनी फोन प्रोजेक्टरला जोडला आणि सातवीच्या वर्गासमोर त्यांच्या घरच्या भांडणाचा मेसेज वरून सरकत गेला. दोन सेकंद. त्या त्यानंतर रडल्या हो. फोन जोडायच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावायचं, लॅपटॉप असेल तर शाळेचं वेगळं प्रोफाईल करायचं, हे पहिल्याच दिवशी, बाकी कशाच्याही आधी शिकवायला हवं.

गणिताच्या_बाई

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आम्ही शाळेचा एक जुना फोन फक्त दाखवायला ठेवू, त्यात कुणाचंच व्हॉट्सअ‍ॅप नको.

सर (@इतिहास_भूगोल), रागवायचं काय त्यात, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्हाला आणा म्हणून मी आग्रह करणार नाही. आमच्याकडचे दोघं न येणारे, त्यातले एक इतिहासाचेच आहेत, आणि त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकून बसतात. तुम्ही लिहिलंत त्यावरून वाटलं की त्यांना बोलवायच्या ऐवजी त्यांच्यावरचं माहिती भरायचं काम थोडं कमी करता येतं का ते बघावं. मी आणि सायन्सचे सर मिळून त्यांच्या वर्गाची ऑनलाईन हजेरी भरून देऊ शकतो.

सावली

मी विशेष शिक्षिका आहे, समावेशित शिक्षणात काम करते, महापालिका हद्दीतल्या काही शाळांमध्ये जाते. एक अनुभव सांगते. आठवीत एक मुलगा, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र आहे पण ५५ मुलांच्या वर्गात पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज धरून त्यातून काही वेगळं काढता येत नाही. तो ओठ वाचतो. पण बाई फळ्याकडे वळल्या की त्याचं वाक्य तुटतं.

गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राईब आहे, २०१९ मध्ये आलं, मराठीत चालतं. त्याच्या बाकावर एक फोन ठेवला आणि बाईंच्या साडीला छोटा कॉलर माईक लावला, फोनवर अक्षरं उमटायला लागली. चुका होतात, नावं तर बरीच चुकतात, 'प्रकाशसंश्लेषण'चे तीन तुकडे झाले. पण त्या तासाला बाई फळ्याकडे तोंड करून काहीतरी गमतीचं बोलल्या आणि सगळा वर्ग हसला, तेव्हा तो पण हसला. वर्गाबरोबर, त्याच क्षणी. नेहमी तो इतरांकडे बघून दोन सेकंदांनी हसायचा. त्याची आई मागे उभी होती, तिच्या ते लक्षात आलं, माझ्या नंतर आलं.

या बाईंना हे शिकवायला किती वेळ लागला? वीस मिनिटं. कारण त्यांना ते कुणासाठी हवंय ते माहीत होतं. म्हणून म्हणते साधनापासून सुरुवात करू नका, मुलापासून करा.

खडूफळा

सावली ताई, _/\_ डोळ्यात पाणी आलं.

मराठी_दहावी

एक अडचण कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितेय. मराठीच्या शिक्षकांकडे वीस-वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. त्या गुगल फॉर्ममध्ये चिकटवल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण ते फॉन्ट युनिकोड नाहीत, आतून ती इंग्रजी कळफलकाचीच चिन्हं असतात फक्त मराठीसारखी दिसतात. मला वाटलं आपलं सगळं काम गेलं. तर एक उपाय सापडला. छापील प्रश्नपत्रिका असते ना, तिच्यावर फोनचा गुगल लेन्स धरायचा आणि मजकूर कॉपी करायचा. लेन्स चित्र बघून वाचतो, त्याला आतल्या फॉन्टशी देणंघेणं नाही. जोडाक्षरं कुठे कुठे चुकतात, तेवढी लाल पेनानं तपासल्यासारखी तपासून घ्यायची. नवीन लिहायचं असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोलायचं, बऱ्यापैकी शुद्ध उमटतं.

एआयबद्दल मात्र सावध राहा बायांनो. मी एकाला समासाचे पंधरा प्रश्न उत्तरांसकट काढायला सांगितले, मराठी इतकी सफाईदार लिहिली होती की मी तशीच छापणार होते. मग नजर पडली, 'यथाशक्ती'ला तत्पुरुष म्हटलेलं. तो अव्ययीभाव, हे आठवीच्या मुलालाही येतं. सफाई बघून विश्वास ठेवायचा नाही. ज्याला विषय येतो त्यालाच हे साधन उपयोगी, ज्याला येत नाही त्याला घातक, असं माझं मत झालंय.

कोथरूडकर_आयटी

सहमत. आणि अजून एक, मुलांची नावं, मार्क, फोटो असल्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. कार्डांच्या साधनात नावाऐवजी हजेरी क्रमांक टाकला तरी काम होतं. आणि मार्कांची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकणं तर कायदा नसता तरी चूकच आहे.

पाषाणची_वर्षा

मुलांकडूनच शिकून घेतलं तर? नववीची पोरं सगळं जाणतात.

जुना_मास्तर

घ्यावं, पण एक बघावं. मूल शिकवतं तेव्हा ते भराभर करून दाखवतं, आणि मग शिक्षक अवघडतो. आधी एकमेकांत शिकावं, हात बसला की मग मुलाला म्हणावं ये रे, याच्या पुढचं दाखव. तेव्हा दोघांनाही आनंद होतो.

गणिताच्या_बाई

तीन आठवड्यांनी परत लिहितेय, मधे घटक चाचणी होती.

मास्तर, तुम्ही सांगितलेलं वाक्य मुख्याध्यापकांना सांगितलं. ते दोन दिवस काही बोलले नाहीत, मग सोमवारी परिपाठानंतर स्टाफरूममध्ये आले आणि जवळजवळ तुमच्याच शब्दांत बोलले. त्याच दिवशी शिपाई मामांनी प्रोजेक्टरच्या रिमोटचं कपाट उघडं ठेवलं.

मोठ्या बाईंचं सांगायचं राहिलं. त्यांना मी लेन्सचा उपाय दाखवला (@मराठी_दहावी, तुमचे आभार किती मानू). त्यांनी २००६ सालची एक घटक चाचणी पिशवीतून काढली, पिवळी पडलेली, चारी बाजूंनी घडीच्या रेघा. फोन धरला, हात थोडा हलत होता, पहिल्यांदा धूसर आलं. मी पाठीमागे हात घट्ट धरून ठेवले. दुसऱ्यांदा पण धूसर. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच कागद खिडकीपाशी उजेडात नेला आणि अक्षरं आली. त्यांनी ती वाचली, 'कवीला'चं 'कविला' झालं होतं ते पेन शोधत सुधारायला लागल्या, मग लक्षात आलं की बोटानं करायचंय. आता त्या रोज मधल्या सुट्टीत एकेक जुनी प्रश्नपत्रिका उतरवतात, एकोणीस झाल्यात.

काल शनिवारी पी.टी.चे सर पहिल्यांदा आले. त्यांना मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी शीटमध्ये भरून वर्षभराचा आलेख काढायचा होता. मला नेमकं ऑफिसमध्ये बोलावणं आलं, वीस मिनिटं गेली, धावतपळत परत आले तर सर बेंचवर वाकून एका बोटानं आकडे भरत होते आणि त्यांच्या शेजारी मोठ्या बाई उभ्या, हात पाठीमागे बांधलेले. सर चुकीच्या रकान्यात गेले. बाई काही बोलल्या नाहीत, थांबल्या. सरांचं सरांनाच कळलं.

@इतिहास_भूगोल सर, आमच्या इतिहासाच्या सरांची हजेरी आम्ही भरतोय. ते अजून येत नाहीत आणि मी विचारत नाही. पण त्यांचा नकाशाचा तास आता बुडत नाही.

इतिहास_भूगोल

बाई, धन्यवाद. त्या सरांना माझा नमस्कार सांगा. एक विचारतो, पेशव्यांच्या काळातला पुण्याचा जुना नकाशा वर्गात मोठा करून दाखवायचा असेल, पेठा एकेक करून कशा वाढत गेल्या ते, तर काय लागेल? माझ्याकडे छापील आहे, पण मागच्या बाकापर्यंत दिसत नाही.

गणिताच्या_बाई

सर, फोटो नीट काढला तर एवढ्यावर भागेल. पुढच्या शनिवारी पावणेबाराला आमच्या शाळेत या, पत्ता मेसेज करते. नकाशा आणि तुमचं टाचण आणा. कोथरूडकर, जमलं तर तुम्हीही या, आणि येताना तो टाईप-सीचा जोड घेऊन या, आमचा चौथीच्या वर्गात अडकलाय.